आईबाबांना घेऊन अलास्काची क्रूझ: बोट लागू नये, जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून

पागोळी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आईबाबांना घेऊन सिअ‍ॅटलहून सात रात्रींची अलास्काची क्रूझ करून आले. आई ६९ वर्षांची, गुडघे दुखतात. बाबा ७४, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही, पण उत्साह दांडगा. दोघंही पक्के शाकाहारी. निघण्याआधी इथले प्रवासाचे धागे वाचले तेव्हा जहाजांची वर्णनं भरपूर मिळाली. पण वयस्कर माणसं, भारतीय पासपोर्ट आणि शाकाहार हे तिन्ही एकत्र आलं की काय करायचं, ते विचारत विचारतच शिकावं लागलं. उन्हाळ्यात आईवडील अमेरिकेत येतात तेव्हा बरेच जण ही सहल करतात, म्हणून इथे लिहून ठेवते.

सगळ्यांत आधी कॅनडाचा व्हिसा. अलास्का अमेरिकेतच आहे, मग मध्येच कॅनडा कुठून आला, असं बाबांनीही विचारलं होतं. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. त्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला अशा फेरीत निदान एका परदेशी बंदराला लागावं लागतं, आणि ही मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी नोंदणीचीच असतात. म्हणून सिअ‍ॅटलहून सुटलेलं जहाज सहसा परतीच्या वाटेवर काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. तुम्ही तिथे उतरा नाहीतर खोलीत झोपून राहा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतोच. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही. एच-१बी वाल्यांना आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या पालकांना लागतो.

आमच्या पुढे रांगेत एक भारतीय कुटुंब होतं. मुलगा-सून ग्रीन कार्डवाले, आईकडे कॅनडाचा व्हिसा नाही. त्यांना चढू दिलं नाही. त्या आजी बॅगेवर बसून "तुम्ही जा रे, मी राहते" म्हणत होत्या. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. या अर्जासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, वेळ जातो. क्रूझचे पैसे भरण्याआधी तो अर्ज करा. अमेरिकेचा व्हिसाही मल्टिपल एंट्री आहे ना, ते पासपोर्ट उघडून बघा.

आता खोली. आम्ही बाल्कनीवाली घेतली आणि वयस्कर माणसांसाठी मी तीच सुचवेन. जहाज सर्वांत कमी हलतं ते मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर. टोकाच्या आणि वरच्या खोल्या महाग असल्या तरी झुलतात जास्त. बुकिंग करताना जहाजाचा नकाशा उघडून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघाच. वर भोजनगृह असलं तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली नाट्यगृह असलं तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली जागा उत्तम. लिफ्ट जवळ असावी पण दारासमोर नको.

आणखी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. जहाजावरच्या न्हाणीघराला बहुतेक वेळा उंच उंबरठा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पहिल्या रात्री बाबा त्याला अडखळले. दाराची चौकट हाताशी होती म्हणून सावरले. दुसऱ्या दिवसापासून रात्री न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवत होतो. घरून बॅटरीवरचा छोटा दिवा न्या. खोलीच्या भिंती पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक मस्त चिकटतात. ओली जॅकेटं, टोप्या, आईची जपमाळेची पिशवी, सगळं त्यांवर लटकलेलं होतं.

पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीत येईपर्यंत संध्याकाळ होते. औषधं, पासपोर्ट, चष्मा, एक गरम कपडा एवढं हातातल्या पिशवीत ठेवा. बाबांची इन्सुलिन मी शेवटपर्यंत नजरेआड होऊ दिली नाही. आणि शक्यतो आदल्या दिवशीच सिअ‍ॅटलला पोचा. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही.

जेवणाबद्दल बरीच काळजी होती. बुकिंगच्या वेळी शाकाहारी अशी नोंद केली होती, पण खरं काम झालं ते पहिल्या रात्री मुख्य वेटरशी बोलल्यावर. त्याला शांतपणे सगळं सांगितलं: मासे नको, अंडं नको, चिकनच्या पाण्यातलं सूप नको. (हे मुद्दाम सांगा. भाज्यांचं सूप म्हणून येतं त्याचं पाणी पुष्कळदा कोंबडीचं असतं, आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटीन असतं.) त्याने विचारलं, उद्या डाळ आणि भाजी करून देऊ का? त्यानंतर रोज रात्री तो दुसऱ्या दिवशीचं विचारून जायचा. चौथ्या रात्री वरण, जिऱ्याचा भात आणि बटाट्याची सुकी भाजी समोर आली, तेव्हा आईने त्याला हात जोडून नमस्कार केला. एक दिवस आधी सांगायचं, हाच मंत्र. आयत्या वेळी मागितलं तर त्यांनाही जमत नाही.

आता ज्या दिवसासाठी गेलो त्याबद्दल. ग्लेशियर बे. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश असतो आणि सगळ्या कंपन्यांची जहाजं तिथे जात नाहीत. बुकिंगच्या वेळी मार्गात हे नाव आहे ना ते बघा. उद्यानाचे रेंजर सकाळी छोट्या बोटीतून येऊन आपल्या जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७५० च्या सुमाराला ही अख्खी खाडी बर्फाने भरलेली होती. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या लोकांना इथे किनाऱ्यात जेमतेम एक खाच दिसली. आज त्याच जागी जहाज आत शिरून शंभर किलोमीटरच्या आसपास चालतं, कारण बर्फ तेवढा मागे हटला. हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मार्जरी हिमनदीपुढे जहाज थांबतं आणि हळूहळू जागेवर वळतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या खोल्यांना ती दिसते. पुढच्या डेकवर धक्काबुक्की करायची गरज नाही. पाण्यावर सुमारे २५० फूट उंच निळी भिंत. आधी कडा तुटताना दिसतो, आवाज मागाहून येतो. इथल्या मूळच्या त्लिंगिट लोकांनी त्याला ‘पांढरा गडगडाट’ म्हटलं आहे. आईने कानटोपी काढून ठेवली, नीट ऐकू यावं म्हणून. हवेत बोचरा गारठा असतो, तेव्हा त्या दिवशी तीन थर घाला: आत उबदार, मध्ये स्वेटर, वर वारा आणि पाऊस अडवणारं जॅकेट. छत्रीचा डेकवर उपयोग नाही, वारा ती उलटवतो. दुर्बीण मात्र प्रत्येकाला वेगळी हवी. आम्ही तिघांत एक नेली आणि दर वेळी "मला दे, मला दे" झालं.

बंदरांबद्दल थोडक्यात. केचिकनला वर्षाला साधारण ३८०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या दीडपटीहून जास्त, तेव्हा तिथे पाऊस धरूनच चाला. जुनोला रस्त्याने जाताच येत नाही, राज्याची राजधानी असून बोट नाहीतर विमान. तिथे आम्ही देवमासे बघायला गेलो. लहान बोट आहे, पण आत बसायची जागा आणि शौचालय असतं. हंपबॅक देवमाशाने शेपटी उचलून बुडी मारली तेव्हा आईने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडीचा वण उठला.

स्कॅग्वेला व्हाइट पासची आगगाडी घ्याच. सोन्याच्या शोधात निघालेल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली अरुंद रुळांची गाडी, ३२ किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीवरून ८७० मीटरवर चढते. नेरळ-माथेरानच्या गाडीत बसलेल्या माणसाला तिची ओढ लगेच कळेल. चालावं लागत नाही, काचेतून सगळं दिसतं. जाताना डावीकडे बसा. शिखरावर सगळ्यांना बाजू बदलायला सांगतात, त्यामुळे उजवीकडच्यांचंही नुकसान होत नाही.

रोज एकच कार्यक्रम ठरवला होता. दुपारी जहाजावर परत येऊन झोप. हे आधी ठरवलं होतं म्हणूनच सातव्या दिवशीही दोघं ताजे होते.

प्रश्न असतील तर विचारा, आठवेल ते सांगते.

उत्तरवारा

फार उपयोगी धागा. जुलैमध्ये सासूबाईंना घेऊन जातोय, व्हिसाचं वाचून आत्ताच अर्ज उघडला. बोट लागली का कुणाला? सासूबाईंना एसटीतसुद्धा त्रास होतो.

पागोळी

@उत्तरवारा, दुसऱ्या दिवशी आईला थोडी लागली. सिअ‍ॅटलहून जाणारी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने उघड्या समुद्रातून जातात, तो दिवस हलतो. पुढे बेटांच्या आडोशाने पाणी तळ्यासारखं शांत असतं. व्हँकुव्हरहून सुटणारी जहाजं सुरुवातीपासून आडोशाने जातात. नाहीतरी कॅनडाचा व्हिसा काढताच आहात, तर तोही पर्याय बघा.

वैद्यबाई

औषधांबद्दल मी लिहिते, कारण इथे चुका होतात. भारतातून येणारे पालक अ‍ॅव्होमिन आणतात, इथे मेक्लिझिन किंवा ड्रामामिन मिळतं. तिन्ही उलटी सुरू होण्याआधी घ्यायची असतात. जहाज हलायला लागल्यावर घेतलेली गोळी बरेचदा पोटात टिकत नाही.

पण साठीपुढच्यांनी हे आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. काचबिंदू असेल किंवा पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर या गोळ्यांनी तो वाढू शकतो. कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पट्टीला हे आणखी लागू आहे, तिने काही ज्येष्ठांना गोंधळल्यासारखंही होतं. गोळीने गुंगी येते, आणि गुंगी अधिक हलती जमीन अधिक उंच उंबरठा म्हणजे पडण्याची वेळ. म्हणून घरी असताना एकदा घेऊन बघा, काय होतं ते कळेल. आलं चघळलं तर बऱ्याच जणांना बरं वाटतं, आल्याच्या वड्यांचं बंद पाकीट जवळ ठेवा. रिकाम्या पोटी राहू नका, तेलकटही नको.

दुसरं, विमा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल खोलीच्या खात्यावर लागतं आणि ते मोठं असतं. पालकांसाठी काढलेला व्हिजिटर विमा जहाजावर आणि कॅनडात चालतो का, आणि हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर तो खर्च त्यात आहे का, हे दोन प्रश्न कंपनीला लेखी विचारा.

गलबत

धागा वाचून लहानपण आठवलं. आम्ही मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून कोकण बोटीने जायचो. वडील विजयदुर्गचे. धक्का नसलेल्या बंदरात बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावात उतरावं लागायचं. खलाशी पोरांना झेलून घ्यायचे. बोट लागू नये म्हणून आजी लिंबू हुंगायला द्यायची आणि म्हणायची, "खाली बघू नकोस, किनाऱ्यावर नजर ठेव." गेल्या वर्षी लेकीने सिंगापूरहून पिनांगच्या क्रूझवर नेलं. बायकोला मळमळलं तेव्हा तिला डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघायला लावलं. अर्ध्या तासात ठीक झाली. खोलीत पडून मोबाइल बघितला की त्रास वाढतो, हे मात्र आजीच्या वेळी नव्हतं.

मडगावकर

मी अकरा वर्षं क्रूझ जहाजांवर नोकरी केली, आधी स्वयंपाकघरात, मग भोजनगृहात. गोव्यातली कितीतरी घरं या नोकरीवर उभी आहेत. आतल्या बाजूने काही सांगतो.

पागोळी ताईंनी जेवणाचं लिहिलंय ते तंतोतंत खरं. आचाऱ्यांत भारतीय असतातच आणि त्यांना आपलं जेवण करायला आवडतं. रोज तेच ते रांधून त्यांनाही डाळीला फोडणी द्यायची असते. फक्त आदल्या रात्री सांगा. तुमच्या वेटरचं ताट-वाढणं आवडलं तर प्रवासाच्या शेवटी येणाऱ्या प्रश्नावलीत त्याचं नाव लिहा. त्या नावाचा त्याच्या पुढच्या कंत्राटाला उपयोग होतो, हे प्रवाशांना माहीत नसतं. माणशी रोज १६ ते २० डॉलर टिप खात्यावर आपोआप लागते. काही लोक काउंटरवर जाऊन ती काढून टाकतात. ती काढू नका, एवढी माझी विनंती. त्या पैशांत कपडे धुणाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत, तुम्हाला कधीच न दिसणाऱ्या माणसांचा वाटा असतो.

हात साबणाने धुवा. दारातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरते ती बहुतेक नोरोव्हायरसने, आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. कुणाला त्रास झाला तर लपवू नका, दवाखान्यात कळवा.

घड्याळ! अलास्का सिअ‍ॅटलच्या एक तास मागे आहे. मोबाइल किनाऱ्यावर आपोआप वेळ बदलतो, मधल्या टॉवरवर पुन्हा बदलतो. परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते. उतरताना जहाजातल्या घड्याळाशी मनगटी घड्याळ लावून घ्या. धक्क्यावर पळत येणारी माणसं आणि उचललेली शिडी मी पुष्कळदा पाहिली आहे. जहाजाकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. बाहेरून स्वस्तात घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही, त्यात निदान दोन तास हाताशी ठेवा.

आणि शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात तेव्हा सकाळी घालायचे कपडे आणि चपला बाजूला काढा. दर फेरीला कुणीतरी सगळं बॅगेत भरून मोकळं होतं आणि सकाळी रात्रीच्या कपड्यांत उतरतं.

पागोळी

@मडगावकर, मनापासून आभार. प्रश्नावलीचं माहीत नव्हतं, आमची अजून भरायची आहे. आज त्या वेटरचं नाव लिहिते.

केवडा

बाल्कनीबद्दल वेगळं मत. आम्ही खिडकीवाली खोली घेतली आणि वाचलेले पैसे देवमाशांच्या सहलीवर घातले. जूनमध्ये जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसभर वरच्या डेकवरच होतो. बाल्कनीत फक्त एकच बाजू दिसते.

पागोळी

@केवडा, तरुण माणसांना पटेल. पण आईला दर वेळी लिफ्टने वर जाणं, जागा शोधणं, थंडीत उभं राहणं जमलं नसतं. ती सकाळी शाल पांघरून बाल्कनीत जप करत बसायची, समोरून डोंगर सरकत जायचे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर दुसरीकडे काटकसर करून बाल्कनी घ्या, असंच मी म्हणेन.

उत्तरवारा

चहाचं काय? सासूबाईंना सकाळी पाचला आल्याचा चहा लागतो. इलेक्ट्रिक किटली नेऊ का?

मडगावकर

किटली, इस्त्री, राइस कुकर काहीही नेऊ नका. आगीच्या भीतीने काढून घेतात आणि उतरताना परत देतात. सर्ज प्रोटेक्टर असलेली विजेची पट्टीसुद्धा चालत नाही. थर्मास न्या. भोजनगृहात गरम पाणी रात्रीही मिळतं. तयार चहाची पावडर, ज्यात दूध-साखर असते, तिची पाकिटं न्या. नुसत्या चहात ते थंड दूध देतात, गरम दूध मागितलं तर आणून देतात. खाऊ कारखान्यात बंद केलेल्या पाकिटातला असेल तर हरकत नाही, भाकरवडी, चकली, राजगिऱ्याचे लाडू. घरी केलेले पराठे-धपाटे नको. आणि जहाजावरचं सफरचंद पर्समध्ये टाकून किनाऱ्यावर नेऊ नका, दंड होऊ शकतो.

सुरंगी

व्हीलचेअरचा कुणाला अनुभव? वडील थोडंफार चालतात, पण लांबचं अंतर नाही.

पागोळी

@सुरंगी, चढता-उतरताना बंदरावर व्हीलचेअर आणि ढकलायला माणूस मिळतो, आधी कळवायचं. पण ती तेवढ्यापुरतीच. सात दिवस हवी असेल तर स्वतःची न्या किंवा भाड्याने घ्या, काही ठिकाणी थेट खोलीत आणून ठेवतात. जहाज खूप लांबलचक असतं. आमच्या खोलीपासून भोजनगृह जवळजवळ दोनशे पावलं होतं, आईची रोजची चाल त्यातच व्हायची. व्हीलचेअर आत जाईल अशा, उंबरठा नसलेल्या खोल्या मोजक्याच असतात, त्या आठ-दहा महिने आधी धरा. आणि ज्या बंदरात जहाज धक्क्याला न लागता छोट्या बोटीतून नेतात तिथे व्हीलचेअरला अडचण येते. कोणत्या बंदरात धक्का आहे ते आधी विचारून घ्या.

गलबत

म्हणजे पडाव अजून सुटलेला नाही म्हणायचा.

वैद्यबाई

@सुरंगी, वडिलांना मधुमेह असेल तर जहाजावर चढल्यावर खोलीतला फ्रीज इन्सुलिनइतका थंड राहतो का ते थर्मामीटर ठेवून बघा. बऱ्याच खोल्यांत तो नुसता गारवा देणारा असतो. दवाखान्यात ठेवून घेतात किंवा छोटा फ्रीज देतात, मागावं लागतं.

पागोळी

हो, हे लिहायचं राहिलंच. आमच्या फ्रीजमध्ये १२ अंश होतं. पहिल्याच संध्याकाळी काउंटरवर सांगितलं, तासाभरात औषधांचा वेगळा फ्रीज आला, पैसे लागले नाहीत.

उत्तरवारा

व्हिसाचा अर्ज भरला, ठशांची तारीख मिळाली. खोली बदलून मधल्या भागात, पाचव्या मजल्यावर घेतली. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच आहेत. सासूबाईंनी आल्याच्या वड्यांची तीन पाकिटं मागवली आहेत आणि दुर्बीण दुसरी घेऊ का विचारतायत.

पागोळी

घ्या. आणि पट्टी गळ्यात अडकवता येईल अशी घ्या, देवमासा दिसला की हात सुटतो.